नॉबी आणि माझ्या चौघी

१२ मे, मंगळवार

माझी बहीण एल्व्हा आली एकदाची. दोन बॅगा, एक शिवणयंत्र, आणि गाडीच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली काचेची पेटी. पेटीत वाळू, वाळूत नॉबी. स्वतःचा जेवणाचा डबा मागे उलटून सगळा सांडला होता, त्याचं तिला काही नाही. नॉबीला हिसका बसू नये म्हणून उत्तरेकडचा अख्खा रस्ता ती गाडी रांगत घेऊन आली.

नॉबी ही डार्सीची पाल, आणि डार्सी एल्व्हाचा एकुलता एक. फेब्रुवारीत पोरगा खाणीत उतरला आणि वर आणला तो चादरीत गुंडाळून. खाणीच्या वसाहतीतलं घर त्याच्या नावावर होतं, ते आता दुसऱ्या कुणाला द्यायचंय. मी म्हटलं, सरळ ऑरूरूला ये माझ्याकडे. माझा नवरा रेज गेल्यापासून मी एकटीच आहे, घर मोठं आहे, आणि पाली मीही पाळते. आणखी काय पाहिजे माणसाला?

तिला मागच्या व्हरांड्यातली खोली दिली. जरा गार आहे, पण सकाळचं ऊन झकास येतं. बसायची खोली देता आली असती, पण तिथे लाकडाची शेगडी आहे, माझ्या चौघी पालींची पेटी आहे आणि बुधवारी पत्ते असतात. तिला तरी शांतताच हवी असणार.

१५ मे, शुक्रवार

डार्सीचा फोटो शेगडीवरच्या फळीवरून काढून तिच्या खोलीत ठेवला. येणाजाणारा प्रत्येक जण फोटोकडे बघून गळा काढतो आणि मग एल्व्हाला उत्तरं द्यावी लागतात. खरं तर तिच्या वतीने मीच देते. तिला सुचेपर्यंत समोरचा माणूस घरी पोचेल.

संध्याकाळी ती नॉबीसमोर बसते. अंधार पडायला लागला की तो बिळातून डोकं काढतो, मग अंग, मग ती गमतीदार शेपटी, टोकाला वाटाण्याएवढी गाठ असलेली. माझ्या चौघींना अशी गाठ नाही. त्यांच्या शेपट्या गाजरासारख्या, जाडजूड. डिवचलं की चवड्यांवर उभ्या राहून भुंकतात.

एल्व्हा म्हणाली, "डार्सीनं हातावर घेतलं ना, की हा त्याचा अंगठा चाटायचा. माझा नाही चाटत."

"मीठ लागत असेल त्याच्या अंगठ्याला."

"असेल." मग पेटीची काच पुसत म्हणाली, "त्याचं म्हणून जिवंत असलेलं आता एवढंच आहे, एव्हिस."

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नये. मी आहे की."

२४ मे, रविवार

हिवाळ्याची सुरुवात, सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. एल्व्हाच्या खोलीत नॉबीच्या पेटीखालची गरम पट्टी बंद पडलेली, वाळू बर्फासारखी. ती पेटीला पोटाशी धरून पलंगावर बसली होती, अंगावर घोंगडी, आणि घोंगडीच्या आत पेटी. साठीची बाई!

नवी पट्टी पोर्ट पिरीहून आणावी लागणार. म्हटलं, तोवर त्याला माझ्या मोठ्या पेटीत सोडू. रेजने केलेली पेटी आहे ती, माणूस झोपेल एवढी. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, मधे फरश्या. चौघींना पुरून उरते.

"डार्सी म्हणायचा, ह्याला एकटाच ठेवायचा."

"डार्सी एकटा राहणारा होता, म्हणून त्याला तसं वाटायचं. अगं, आपण लहान होतो तेव्हा पत्रा उचलला की खाली काय असायचं? दहा-बारा एकावर एक! थंडीत कोण एकटं राहतं?"

"त्या तुझ्या जातीच्या होत्या, जाडशेपट्या."

"पाल ती पाल. गरम जागा, वाळू, झुरळं. सगळ्यांना तेच लागतं."

"दोनच दिवस मग."

"दोनच."

स्वतःच्या हाताने तिने त्याला सोडलं. माझी डचेस, सगळ्यांत थोरली, दोनदा भुंकली आणि गप्प झाली. कुणी कुणाला चावलं नाही. मी एल्व्हाला म्हटलं, बघ.

२७ मे, बुधवार

सकाळी फरशी उचलून पाहिली तर पाचही जण एका ढिगात! डचेस वर, बाकीच्या आडव्यातिडव्या, आणि नॉबीचं फक्त नाक बाहेर. इतकं गोड दिसलं की मी एल्व्हाला हाक मारली. म्हटलं, बघ कसे गळ्यात गळे घालून झोपलेत.

ती वाकून बघत राहिली. म्हणाली, "तो खाली आहे."

"कुणीतरी खाली असणारच की, ढीग आहे तो."

दुपारी पत्त्यांना मेव्हिस आली नाही. यूकरला चौथा भिडू लागतोच, म्हणून एल्व्हाला बसवलं. ग्वेंडा शेजारीण नंतर स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली. "एव्हिस, तिला नको असेल हे." म्हटलं, तिला काय हवं ते तिला कुठे कळतंय सध्या? चार माणसांत बसली की आपोआप येईल रुळावर.

३ जून, बुधवार

नवी पट्टी आणली. पण एव्हाना नॉबीच्या रिकाम्या पेटीत मी झुरळं सोडलीत. पालींना खायला मी घरचीच झुरळं वाढवते, आणि जुन्या डब्यात त्यांची फार गर्दी झाली होती. नवी जागा इतकी मानवली की विचारू नका, अंडी दिसायला लागलीत. आता लगेच कुठे हलवू?

तशी घाईही नाही. नॉबी रुळलाय. हू की चू करत नाही.

८ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, टपाल नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या क्लबचा सचिव कॉलिन हॉकिंग, त्याला फोन केला, झुरळांच्या खाण्याचं विचारायला. बोलता बोलता पाचांच्या पेटीचं सांगितलं. झालं, प्रवचन सुरू.

"दोन जाती एका पेटीत? नको, एव्हिस. तुझ्या त्या गोतावळ्यातल्या. तो गाठवाला एकलकोंडा. त्याला स्वतःचं बीळ लागतं, वर कोरडं, आत ओल."

"केलंय त्याने बीळ. आणि भांडत नाहीत, कॉलिन. एवढासा ओरखडा नाही कुणाला."

"भांडत नाहीत म्हणूनच तुला कळणार नाही. ऊब त्या घेतात, खाणं त्या घेतात, तो बाजूला होत जातो. एकमेकांवर झोपल्या म्हणजे प्रेम नसतं गं ते. वरची ऊब खाते."

चाळीस वर्षं मी पाली पाळते. शाळेची बस चालवली मी सत्तावीस वर्षं, कुठलं पोर कुणाजवळ बसवायचं हे मला कळत होतं, आणि हा मला प्रेम शिकवणार! म्हटलं, दार वाजतंय, ठेवते.

२० जून, शनिवार

एल्व्हाने आज पुन्हा विषय काढला. रविवारचं मांस मसाल्यात मुरवत ठेवत होते, आणि ही दारात येऊन उभी.

"एव्हिस, त्याची शेपटी बघितलीस?"

"काय झालं शेपटीला?"

"नुसती कातडी राहिली आहे. चरबी तिथेच साठते ना त्यांची? आणि तो गार बाजूला असतो दिवसभर. काचेला चिकटून."

"आवडत असेल त्याला गार. तुलाही व्हरांडा आवडतोच की."

मग हळूच म्हणाली, "त्याची पेटी दे मला. नाहीतर मी पिरीहून दुसरी आणते."

मला राग आला, खोटं कशाला लिहू. म्हटलं, "माझ्या घरात पेट्यांची रांग नको मला. झुरळांची सोय लावते पुढच्या रविवारी, मग घे तुझी पेटी. माझ्या चौघी काय खातात का त्याला?"

ती "बरं" म्हणून गेली. आपल्या माणसासाठी इतकं करा आणि वर हे ऐका.

तशी ती बरी आहे. बारीक झालीये जरा. स्कर्टला सेफ्टीपिन लावते कमरेशी. पण पन्नाशीनंतर तिचं अंग सुटलंच होतं, आता चेहरा रेखीव दिसतो. आईसारखा.

२८ जून, रविवार

झुरळांचं जमलं नाही. पाव भाजला, ग्वेंडाचा पाय मुरगळला म्हणून तिच्याकडे जावं लागलं, दिवस गेला.

२ जुलै, गुरुवार

नॉबीला चिमट्याने धरून झुरळ दिलं. तोंड फिरवलं. डचेसने चिमट्यातूनच पळवलं, लबाड कुठली! एल्व्हा मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. तीही रात्री जेवली नाही. मांस-शलगम भरलेल्या पेस्ट्या केल्या होत्या, अगदी मूंटाला, माहेरी, आई करायची तशा. चिवडून ठेवली. मी चांगलंच सुनावलं तिला. घरभर एक दिवस तोंड पाडून बसलेलं माणूस चालतं, रोज कोण सोसेल? ग्वेंडा, मेव्हिस, सगळ्या तिच्यासाठी झटतात आणि हिला पत्तेही धड धरता येत नाहीत.

बोलून झाल्यावर वाईट वाटलं. पण माफी मागायला गेले तर खोलीतला दिवा मालवलेला होता.

७ जुलै, मंगळवार

एल्व्हा ॲडलेडला गेली. डार्सीच्या मृत्यूची सरकारी चौकशी आहे, आई म्हणून तिला बसायचंय. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. कधी नव्हे ती ठाम. निघताना पेटीपाशी गेली, झाकणावर तळहात ठेवला.

"गुरुवारी येईन. मी आले की त्याची पेटी मोकळी करू, एव्हिस. मी करते झुरळांचं, तुला काही करावं लागणार नाही."

मी म्हटलं, तू येईपर्यंत करूनच ठेवते. मनापासून म्हटलं होतं.

८ जुलै, बुधवार

नॉबी मेला.

सकाळी फरशीच्या कडेला, गार बाजूला, काचेशी. चौघी गरम बाजूला ढिगात. त्याचे डोळे उघडेच. या जातीला पापण्या नसतात, तरी मला वाटलं की माझ्याकडे बघतोय. उचलला तर हाताला वजनच लागेना. पोट आत गेलेलं, शेपटी वाळलेल्या शेंगेसारखी, आणि टोकाची ती गाठ तेवढी जशीच्या तशी.

मी खाली बसले जमिनीवर. किती वेळ बसले कोण जाणे.

मग पुरायचा विचार केला, पण जमीन दगड झालीये आणि माझी बोटं या थंडीत वळत नाहीत. दोनला बायका येणार होत्या. पावाच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि अंगणातल्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात ठेवला. तात्पुरता. पत्ते झाले की काहीतरी करू, असं ठरवलं होतं.

पत्त्यांत जिंकले आज.

९ जुलै, गुरुवार

गुरुवारी कचऱ्याची गाडी येते हे मला माहीत नाही का? सत्तावीस वर्षं त्याच रस्त्यावर बस नेली, त्याच गाडीच्या मागे अडकून. सकाळी खडखड ऐकली तेव्हा मी चहा ओतत होते. धावत गेले असते तर मिळाला असता. गेले नाही. डबा रिकामा होऊन आडवा पडला रस्त्याकडेला.

एल्व्हा संध्याकाळी आली. चेहरा पांढराफटक. कोट न काढता म्हणाली, "ते म्हणाले तो लगेच नाही गेला. बराच वेळ जिवंत होता तो. हाका मारत होता म्हणे. ऐकलं कुणीतरी."

मी तिला धरलं. ती उभीच राहिली ताठ, हात खाली सोडून.

मग म्हणाली, "नॉबी?"

आता त्या क्षणी काय सांगायचं होतं मी? कुणी सांगितलं असतं? मी म्हटलं, "वाळूत खोल गेलाय. थंडीत जातात ते, आठवडा-आठवडा वर येत नाहीत. आता हलवू नकोस त्याला."

ती पेटीपाशी गेली. बिळाकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं."

१४ जुलै, मंगळवार

रोज संध्याकाळी ती बसायच्या खोलीत येऊन बसते, पेटीसमोर, माझ्या खुर्चीत. शेगडी जवळ असते. दिवे लावायच्या वेळेपासून जेवणापर्यंत. मी समोर विणायला घेते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. काय बोलू? तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल असं वाटतं. शेगडीत लाकूड तडतडतं तेवढंच.

दुपारी ती फिरायला जाते तेव्हा मी बिळाच्या तोंडाशी आगकाडीच्या टोकाने बारीक पावलं काढते. लाज वाटते लिहायला. काल म्हणाले, "बघ, येऊन गेला वाटतं." ती म्हणाली, "दिसतंय."

तिने भोपळ्याचं सूप दोनदा घेतलं.

२३ जुलै, गुरुवार

कॉलिनला फोन केला, त्याच जातीचा पूर्ण वाढलेला नर आहे का कुणाकडे. का, म्हणाला. मी सांगितलं नाही. कुणाकडे नाही म्हणाला, आणि ठेवताना, "वाईट वाटलं, एव्हिस," असं म्हणाला. ह्या माणसाला कोण सांगतं सगळं?

१ ऑगस्ट, शनिवार

एल्व्हाचे गाल जरा भरलेत. आज संध्याकाळी खुर्चीतच तिचा डोळा लागला. तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी उठून तिच्या पायावर घोंगडी टाकली. मनात आलं, हे असंच चालू राहिलं तर काय बिघडलं? वसंत येईल, मग म्हणू, म्हातारा झाला होता, वाळूतच गेला शांतपणे. तिला बरं वाटतंय. खोट्यानेच का होईना, मी तिला जगवतेच आहे.

आज पावलं काढायला विसरले होते. तिच्या लक्षात आलं नाही.

१६ ऑगस्ट, रविवार

सकाळी एल्व्हाच्या बॅगा दारात. मूंटाला चर्चमागे एक खोली मिळालीये तिला. कधी ठरवलं, कुणाला विचारलं, मला पत्ता नाही. डार्सीला तिथेच पुरलंय, आईबाबांच्या शेजारी. चालत जाता येईल म्हणाली.

मी म्हटलं, "इथे काय कमी पडलं तुला?"

"काही नाही गं. तू खूप केलंस."

"आणि नॉबी?" माझ्याच तोंडून निघालं. "एवढ्यात कसा वर काढायचा त्याला..."

ती खुर्चीत बसली. माझ्या खुर्चीत, पेटीसमोर.

"एव्हिस, तो नाहीये आत. मी ॲडलेडहून आले त्याच संध्याकाळी कळलं मला. त्याच्या बिळातून तुझी डचेस बाहेर आली."

म्हटलं, "मग बोलली का नाहीस? महिनाभर रोज इथे बसत होतीस ती कशाला?"

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं झालं असतं.

"त्या वेळात तू गप्प असायचीस," ती म्हणाली. "आणि इथे ऊब असते."

मग म्हणाली, "मला त्याला न्यायचंय. हाडं राहिली असतील तेवढी. डार्सीपाशी ठेवते. कुठे पुरलास?"

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तोंडातून आलं, "बदामाखाली."

"कुठल्या बाजूला?"

"कुंपणाच्या बाजूला. नक्की आठवत नाही."

ती शेडमधून खुरपं घेऊन गेली. बिस्किटांचा छोटा डबाही नेला बरोबर, त्यात रुमाल घातलेला. बदाम फुललाय सध्या, सगळ्या फुलांखाली ती गुडघ्यांवर बसलीये. जमीन कडक आहे. आधी कुंपणाच्या बाजूला उकरलं, आता घराच्या बाजूला आलीये. माती हातात घेते, बोटांनी चाळते, आणि परत जागच्या जागी ठेवते, त्याला लागू नये अशी.

ग्वेंडाने कुंपणावरून विचारलं, काय शोधतेस? तिने काय सांगितलं ते मला इथून ऐकू आलं नाही. ग्वेंडा आता आपलं खुरपं घेऊन आलीये, मुरगळलेल्या पायाने. दोघी खणताहेत.

मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. किटली ठेवलीये. पाणी उकळलं की चहा घेऊन बाहेर जाते आणि सांगते.

पाणी मघाशीच उकळलं.